वरातीच्या घोड्या, लॅमिनायटिस आणि सुया: इंदूरच्या प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी, १२ तारखेला झाली आणि लग्नं सुरू झाली. मग दरवर्षीसारखा जुन्या इंदूरकडून फोन आलाच, मॅडम घोडी उभी राहत नाहीये, जरा येऊन बघता का. यंदाची पेशंट चांदणी. पांढरी, बारा-तेरा वर्षांची, वरातीच्या कामात इतकी मुरलेली की डीजेच्या स्पीकरसमोर कान सुद्धा हलवत नाही.

तबेल्यात गेले तर पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, मागचे पोटाखाली ओढून, सगळं अंग मागे रेलून उभी. हे बघितलं की अर्धं निदान दारातच होतं: लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या पापुद्र्यांची सूज. फेटलॉक म्हणजे खुराच्या वरचा तो गोल सांधा, त्याच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवलं तर नाडी ठणाठण उडत होती, एरवी निरोगी जनावरात ती शोधावी लागते. खूर गरम. हूफ टेस्टरने, म्हणजे खूर दाबून बघायच्या चिमट्याने, पंजाच्या पुढच्या भागावर दाबलं तर पाय हिसकावला. एक पाय उचलू देत नव्हती, कारण उचलला की सगळं वजन दुसऱ्या दुखऱ्यावर जातं. ओबेल ग्रेड तीन. लॅमिनायटिसमधल्या लंगडण्याच्या १९४८ साली नील्स ओबेलने ठरवलेल्या चार पायऱ्या आहेत या, चौथी सगळ्यात वाईट, अजून त्याच चालतात.

काय खाल्लं विचारलं तर काका, म्हणजे चांदणीचे मालक, म्हणाले नेहमीचंच. नेहमीचं म्हणजे काय ते सांगते. नवरदेव घोडीवर बसला की बहिणी-भावजया घोडीला भिजवलेली चण्याची डाळ आणि गूळ भरवतात, ती रीतच आहे आणि फोटो पण त्याचाच निघतो, आता एका रात्री तीन वराती असल्या की तीन पराती डाळ पोटात, शिवाय घरी "ताकद" म्हणून चण्याची तोबरी वेगळी. एवढा स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, तिथून ॲसिड आणि टॉक्सिन आणि मग त्याचा मार थेट खुरात. वर चार-चार तास सिमेंटच्या रस्त्यावर नाचणं.

आणि हो, काल रात्री मेडिकलमधून माणसांचं दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक आणून टोचलं होतं. काकांना सांगितलं की जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, ते टोचलेलं जनावर मेल्यावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून. ते म्हणाले, घोडी मेली तर पाहिजेत ना गिधाडं. यावर मी काय बोलणार.

२० नोव्हेंबर

सुया, म्हणजे ॲक्युपंक्चर, अजून लावलेल्या नाहीत, आणि या टप्प्यावर लावणार पण नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत काम बर्फाचं. क्वीन्सलंडला ख्रिस पोलिट आणि त्यांच्या लोकांनी दाखवून दिलंय की खूर सतत गार ठेवला तर आतल्या पापुद्र्यांचं नुकसान खूप कमी होतं, पण सतत म्हणजे खरंच सतत, ४८ ते ७२ तास, खुराचं तापमान दहा अंशाच्या खाली. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा पाइप मारून काही होत नाही. आम्ही जाड खताच्या गोण्या धुऊन त्यात बर्फ-पाणी भरून फेटलॉकच्या वरपर्यंत टेपने बांधल्या, लग्नसराईत बर्फाची गाडी इकडून जातेच, काकांच्या मुलाने तिलाच थांबवून घेतलं. पोरगा रात्रभर बसून बर्फ बदलत होता, त्याला मानलं.

दुखणं-सूज कमी करणारं फ्लुनिक्सिन चालू. चणा, गूळ, चोकर (कोंडा) सगळं बंद, फक्त भिजवून पिळलेलं वाळलं गवत. भिजवल्याने गवतातली साखर बरीच निघून जाते. घोडीखाली वाळूची ट्रॉली उतरवली, म्हणजे तिला पाहिजे तसा पंजा रुतवून उभं राहता येतं. तळव्याला दोन इंच थर्माकोल खुराच्या आकारात कापून टेपने.

२४ नोव्हेंबर

आता प्रकल्पाचं लिहून ठेवते, नाहीतर नंतर मी काय शोधत होते तेच विसरेन.

खुरात नेमकं काय होतं ते काकांच्या मुलाला समजावलं तेच इथे. खुराच्या आत एक हाड असतं, त्याला कॉफिन बोन म्हणतात. ते हाड तळव्यावर टेकलेलं नसतं, खुराच्या भिंतीला आतून लटकलेलं असतं, साडेपाचशे-सहाशे बारीक पापुद्र्यांनी, पुस्तकाची पानं एकमेकांत घुसवल्यासारखं. पापुद्रे सुजले, सैल पडले की साडेतीनशे किलोची घोडी वरून दाबतेय आणि मागून मोठी कंडरा, म्हणजे स्नायूची जाड दोरी, हाडाला ओढतेय, हाड फिरतं, त्याचं टोक तळव्याकडे येतं. हे एकदा झालं की क्रॉनिक. मग औषध दुखणं कमी करतं, हाड जागेवर आणायचं काम नालबंदाचं आणि काळाचं. नवीन भिंत वरून खाली वाढते, महिन्याला जेमतेम आठ-दहा मिलीमीटर, पंजापर्यंत पोचायला नऊ महिने ते वर्ष.

तर या क्रॉनिक काळात ॲक्युपंक्चरने काही फरक पडतो का, आणि पडला तर नेमका कशात, हे बघायचंय. ब्यूट, म्हणजे फिनाइलब्युटाझोन हे दुखण्यावरचं औषध, वर्षभर देऊ शकत नाही, पोटात अल्सर, किडनी. म्हणून सुयांकडे वळले, चीनचं प्रेम म्हणून नाही.

आधी काय झालंय? १९८९ साली कॅनडाच्या जर्नलमध्ये इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चरची चाचणी आली, जुनी लंगड असलेले घोडे, त्यात लॅमिनायटिसवाले पण, शेजारी तुलनेसाठी कंट्रोल ग्रुप. दोन्ही गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. मग २०१७ ला परत कॅनडाच्याच जर्नलमध्ये क्रॉनिक लॅमिनायटिसचे १२ घोडे, आठवड्याच्या अंतराने दोन सेशन, सुकी सुई, थोडं रक्त काढणं आणि पॉइंटवर इंजेक्शन असं तिन्ही मिळून, लंगड सेन्सरने मोजली, डोळ्याने पण. कमी झाली. पण कंट्रोल नव्हता. लोक इंटरनेटवर फक्त दुसराच पेपर फिरवतात, ते मला आवडत नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर एवढंच म्हणता येतं की दुखण्यावर असर होतो का, प्रश्न उघडा आहे. खूर सुईने बरा होतो असं तर कुणीच दाखवलेलं नाही.

मोजायचं असं ठरलं. तबेल्यामागच्या फरसबंदीवर दहा मीटरची खूण, तेवढ्या अंतरात पावलं किती. उभं असताना पाच मिनिटांत वजन या पायावरून त्या पायावर किती वेळा. नाडी, आणि खुराचं तापमान कोविडमधल्या त्या बंदुकीने, ती सरफेस मोडवर टाकावी लागते नाहीतर सगळ्या घोड्यांना ३६ दाखवते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चालतानाचा व्हिडिओ. तो महूच्या आमच्या सरांना पाठवायचा, तारीख काढून, क्रम उलटासुलटा करून. त्यांना माहीत नसणार कुठला सुईच्या आधीचा आणि कुठला नंतरचा. सर म्हणाले, "छान, म्हातारपणी तरी निष्पक्ष होईन."

२८ नोव्हेंबर

एक्सरे झाला. खुराच्या पुढच्या भिंतीवर तार चिकटवली, तळव्याच्या त्या रबरी त्रिकोणाच्या टोकाला ड्रॉइंग पिन, म्हणजे फिल्मवर हाड कुठे आणि भिंत कुठे ते कळतं. उजव्या खुरात सहा-सात अंशाचं रोटेशन, डाव्यात त्याहून कमी. तळवा अजून फाटलेला नाही. वाईट आहे पण हातातलं आहे.

काकांनी विचारलं, किती दिवसांत उभी राहील. मी वर्ष म्हटलं तर ते माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही घोडीचं दुखणं मीच आणलंय.

१ डिसेंबर

पहिलं सेशन. सविस्तर लिहिते.

टिटॅनसचं टॉक्सॉइड आधीच दिलेलं आहे, हे न करता घोड्याच्या खुराजवळ सुई टोचणं म्हणजे गुन्हा आहे, घोड्याइतकं टिटॅनसला नाजूक जनावर दुसरं नाही. खुराच्या कडेचे केस कापले, पोव्हिडोन आयोडीनने दोन-तीनदा पुसलं, मग स्पिरिट. शेण-मूत-वाळू सगळं जवळ असताना स्वच्छता हेच अर्धं कौशल्य.

सुरुवात बाई-हुई या पॉइंटने, कमरेच्या मणक्याच्या मागच्या खोलगट जागेत, मधोमध. इथे घातली की बहुतेक घोडे दोन-तीन मिनिटांत मान खाली सोडतात. चांदणीने सोडली, खालचा ओठ लोंबला, काकांचा मुलगा म्हणाला झोपली की काय. मग पुढच्या पायांचे टिंग पॉइंट, म्हणजे खुराच्या कडेचे ॲक्युपंक्चरचे बिंदू, केसाळ आणि कडक भाग जिथे मिळतात त्या कोरोनेट पट्ट्याच्या जरा वर. त्यांच्या नकाशातल्या नावांनी, टीएच १ समोर मधोमध, एलआय १ आतल्या बाजूला, एसआय १ बाहेर, आणि पीसी ९ मागे टाचेच्या दोन गोळ्यांच्या मधल्या खाचेत. सुया बारीक, अर्धा-एक सेंटिमीटरपेक्षा खोल नाही, आत सांधा आहे, तिथे जायचं नाही.

पीसी ९ ला पाय उचलला, परत टेकवला, परत उचलला, मी सुई धरून बसून राहिले, घाई केली तर लाथ नक्की. शेवटी टेकवला. समोरच्या पॉइंटवर सुई काढताना रक्ताचे चार-पाच थेंब गडद, जवळजवळ काळपट आले आणि मग हळूहळू लाल. जुन्या चिनी पद्धतीत यालाच महत्त्व, १६०८ साली मिंग काळात यू आडनावाच्या दोन भावांनी घोड्यांच्या वैद्यकाचं जे संकलन केलं त्यात पण सुईइतकंच रक्त काढण्याचं वर्णन आहे. काळपट रक्त का? शिरेतलं, साचलेलं. त्यात गूढ काही नाही.

चाचा, म्हणजे आमचे नालबंद, दाराला टेकून सगळं बघत होते. म्हणाले, "हमारे अब्बा फस्द खोलते थे, इसी जगह से थोड़ा ऊपर।" फस्द म्हणजे शीर कापून रक्त काढणं. आणि पॅस्टर्नच्या, म्हणजे फेटलॉक आणि खुराच्या मधल्या भागाच्या, बाजूची शीर बोटाने दाखवली. चिनी नकाशात तिथेच जवळ चान-वान नावाचा रक्त काढायचा पॉइंट आहे. चीन ते मालवा, लंगड्या घोड्यापुढे सगळ्यांना तीच शीर दिसलेली.

३ डिसेंबर

वजन बदलणं पाच मिनिटांत २२ वरून १३. पावलं दहा मीटरला १९ ची १६. काका खूश. मी नाही, कारण विचारलं तर काल संध्याकाळी कुणीतरी "राहिलेली गोळी" देऊन टाकली होती, फुकट कशाला घालवायची म्हणून. ब्यूटची गोळी. ही नोंद बाद. औषधांची डबी मी घरी घेऊन आले.

८ डिसेंबर

दुसरं सेशन, यावेळी गोळी नाही, आहार तोच, वाळू तीच. पॉइंट तेच, फक्त बाई-हुईला व्हिटॅमिन बी १२ चं इंजेक्शन, म्हणजे ॲक्वापंक्चर, पॉइंट जास्त वेळ दाबलेला राहतो. (नंतरची भर:) दुसऱ्या दिवशी आकडे परत खाली आले, पण गेल्या वेळेपेक्षा कमी. पाचव्या दिवशी जवळजवळ पूर्वीच्या जागी.

ओबेल तीनवरून दोन. पाय उचलू देते. हे बर्फाचं, आहाराचं, वाळूचं श्रेय जास्त, असं माझं मत. सुयांचं श्रेय त्या चार दिवसांच्या खड्ड्यात दिसतं, तेवढंच.

१२ डिसेंबर

आज डोकं फिरलं. १५ पासून खरमास, महिनाभर लग्नं बंद, म्हणजे हे शेवटचे मुहूर्त, आणि काकांनी चांदणीचं बुकिंग घेऊन टाकलेलं. विजयनगरला, "फक्त दीड किलोमीटर, हळूहळू नेतो". का? तर सुया लावल्यापासून चांगली चालून राहिली आहे ना.

हाच तो धोका, ज्याबद्दल ॲक्युपंक्चरवाले कमी बोलतात. घोडीला दुखतं म्हणून ती पंजावर जोर देत नाही, आणि जोर देत नाही म्हणून ते सैल पापुद्रे वाचतात. दुखणं काढून घेतलं आणि तिला सिमेंटवर नाचायला सोडलं तर हाड सरळ तळव्यातून बाहेर. ब्यूट देऊन कामाला लावलेल्या घोड्यांचं हेच होतं, सुईने पण तेच होणार. सुईला "नैसर्गिक" म्हटलं म्हणून हाडाला काही कळत नाही.

बरीच वादावादी झाली. काकू बाहेर आल्या, म्हणाल्या ॲडव्हान्स परत करा, डॉक्टरीण काय रोज भांडायला मोकळी नाहीये. ॲडव्हान्स परत गेला. काकूंशिवाय हा प्रकल्प आजच बंद पडला असता.

काकांची बाजू पण आहे, लिहायला हवी. लग्नसराई म्हणजे मोजक्या रात्री, त्यावर वर्षाचं गवत, तबेल्याचं भाडं, दोन पोरांच्या फिया. घोडी नऊ महिने उभी म्हणजे तिचं खाणं चालू आणि कमाई बंद. मला सल्ला द्यायला काय जातं.

१७ डिसेंबर

आजचा दिवस कामाचा. माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात उपयोगी निष्कर्ष आज हाताला लागला.

आत्तापर्यंत चाचा येऊन दोनदा परत गेले होते. ट्रिमिंग करायचं तर एक पाय उचलून मिनिटं-मिनिटं धरावा लागतो, तोवर दुसऱ्या दुखऱ्या पायावर सगळा भार, ती कोसळायला बघते, चाचा घाबरतात, काम अर्धवट. आज आधी सुया लावल्या, वीस मिनिटं ठेवल्या, काढल्या आणि लगेच चाचांच्या हातात पाय दिला. उभा पाय थर्माकोल आणि जाड गादीवर. चांदणी उभी राहिली. दर दोन-तीन मिनिटांनी पाय खाली ठेवू दिला, पण काम पूर्ण झालं, दोन्ही पायांचं.

चाचांनी पंजा कानशीने मागे आणला, पुढची कड गोल केली, म्हणजे पाऊल उचलताना भिंतीवर पडणारा ताण कमी. टाच एक्सरे बघून, थोडी थोडी. तळव्याला हात नाही लावला, आहे तेवढा जाड राहू दे. भिंतीचा खालचा थर सोलला तेव्हा पांढऱ्या रेघेत जुन्या रक्ताचे तपकिरी-लाल ठिपके दिसले, पंजाच्या पुढच्या अर्ध्या भागात अर्धचंद्रासारखे. ते मी काकांच्या मुलाला बोट लावून दाखवलं. तीन पराती डाळ इथे बसली आहे म्हटलं.

मी फुशारकीने विचारलं, काय चाचा, सुईचं काम बघितलंत? कानस पुसत म्हणाले, "मैडम, सुई से टाप नहीं बढ़ती। पर सुई से घोड़ी मुझे टाप देती है।" पेपरचा निष्कर्ष चाचांनी लिहून दिला, आता मला फक्त आकडे जोडायचे आहेत.

२ जानेवारी २०२५

मल्हारगंजकडून फोन, बादल नावाचा घोडा एका रात्रीत तीन पायांवर, "तुम्ही त्या सुया लावता त्या लावा". गावात बातमी पसरलीय वाटतं.

एकच पाय, अचानक, पाय टेकवत नाही, नाडी त्याच पायात. हूफ टेस्टरला एकाच जागेवर दुखलं. लॅमिनायटिस नाही, खुरात पू. चाचांनी पांढऱ्या रेघेतला काळा ठिपका चाकूने खोदत नेला आणि राखाडी-काळं पाणी सटकन बाहेर आलं, वास असा की काका लोक दोन पावलं मागे. पू निघाला आणि बादलने अर्ध्या तासात पाय टेकवला. एप्सम सॉल्टचं शेक, पट्टी, टिटॅनस. सुया शून्य. इथे सुया लावून दुखणं दाबलं असतं तर पू वर चढत कोरोनेटला फुटला असता.

१० जानेवारी

अजून एक, थ्रश. तळव्याच्या त्रिकोणाच्या खाचेत काळा चिकट मळ आणि तो विशिष्ट सडका वास, फ्यूसोबॅक्टेरियम जिवाणूंचं काम. ओल्या शेणात उभी असते दिवसभर. मालकांना पण सुया पाहिजे होत्या! साफ करा, कोरड्यात उभी करा, खाचेत मोरचुदाचा बोळा, जास्त नाही, जिवंत मांसाला भाजतो. संपलं. आता ठरवूनच टाकलंय, इन्फेक्शनला सुई नाही, कुणी कितीही आग्रह करो.

१६ जानेवारी

संक्रांत झाली, खरमास संपला, फोन परत सुरू. चांदणीवर कुणी बुकिंग घेतलेलं नाही, काकूंनी तिळगूळ देताना मुद्दाम सांगितलं. (घोडीला तिळगूळ दिला नाही ना, हे पण विचारून घेतलं. गंमत नाही, खरंच विचारलं.)

आजपासून तीन आठवडे सुया बंद. बाकी सगळं तसंच, गवत, वाळू, ट्रिमिंग. काकांना वाटलं मी प्रकल्प सोडला. नाही हो, सुया न लावता किती सुधारते हे बघितल्याशिवाय सुयांनी किती सुधारलं ते कसं कळणार.

९ फेब्रुवारी

सरांकडून व्हिडिओंचे गुण आले, तारखा उघडल्या आणि जुळवल्या.

सरांनी ज्या क्लिपांना सगळ्यात चांगले गुण दिले त्या सुईनंतरच्या एक ते तीन दिवसांतल्या, दोन अपवाद सोडून. म्हणजे मी डोळ्याने बघत होते तो निव्वळ भ्रम नव्हता. पण दुसरी गोष्ट अशी की सुया बंद असलेल्या तीन आठवड्यांत सुद्धा ती सुधारतच राहिली, रेघ वरच चाललीय, तिचा चढ जवळजवळ आधीसारखाच. सुया त्या रेघेवर छोटे-छोटे उंचवटे बनवतात, रेघेची दिशा बदलत नाहीत. १९८९ चा पेपर आणि २०१७ चा पेपर दोन्ही खरे कसे असू शकतात ते मला आता दिसायला लागलं. एकाने उंचवटा पकडला असेल, दुसऱ्याने रेघांची तुलना केली असेल. हा माझा अंदाज, आणि एका घोडीवरून, त्यामुळे यावर कुणी सेमिनार करू नये.

सरांचं म्हणणं, सुईचं सेशन म्हणजे वीस मिनिटं कुणीतरी शांतपणे घोडीजवळ बसतं, मान खाजवतं, गडबड बंद, याचाच असर कशावरून नाही? बरोबर आहे. यालाच उत्तर म्हणून पुढच्या घोडीला काही आठवडे खोट्या जागी सुया, म्हणजे खुरापासून लांब जिथे पॉइंट नाही तिथे, आणि कुठला आठवडा खरा ते फक्त माझ्या वहीत. व्हिडिओ काढणाऱ्या मुलाला पण नाही सांगायचं.

२ मार्च

दुसरी घोडी मिळाली, बिजली, त्याच तबेल्यातली. ही लठ्ठ, मानेवर चरबीची वळी, दाबली तर टणक. इथे डाळीचा एका रात्रीचा हल्ला नाही, इन्सुलिनची गडबड, हळूहळू चालणारा लॅमिनायटिस. खुरावरच्या कड्या बघितल्या तर समोर जवळजवळ आणि टाचेकडे पसरत गेलेल्या, म्हणजे बऱ्याच महिन्यांपासून चालू आहे आणि कुणाला पत्ता नाही, कारण ती लंगडत नव्हती, फक्त "आळशी झालीय" म्हणत होते. आळशी घोडी म्हणून मार पण खाल्ला असेल.

आहार मोजून, वजनाच्या दीड टक्का सुका चारा, गूळ बंद. हिच्यावर खऱ्या-खोट्या सुयांची आळीपाळी सुरू.

२० मार्च

काल रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, राजवाड्याला पाय ठेवायला जागा नव्हती, तबेल्यातली पोरं सगळी तिकडे. शांततेत काम झालं. चांदणीचा दुसरा एक्सरे. नवीन भिंत कोरोनेटपासून हाडाला समांतर उतरतेय, वरचा चार सेंटिमीटरचा भाग सरळ, खालचा जुना भाग अजून बाहेर फाकलेला, मध्ये स्पष्ट मोड दिसतो. चाचांनी अंगठ्याने तो मोड चाचपला आणि म्हणाले अजून आठ बोटं. मापात सांगा म्हटलं तर हसले.

बिजलीचे खरे-खोटे गुण सर जूनमध्ये उघडणार. तोवर मला पण कुणी विचारू नये.

४ एप्रिल

काकांचा प्रश्न, आखातीज, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला, त्या दिवशी इंदुरात घोडी मिळत नाही इतकी लग्नं, चांदणी आता मस्त चालते, तर? उत्तर तेच. मऊ जमिनीवर दहा मिनिटं हाताने फिरवा, वर कुणी बसणार नाही, सिमेंट नाही. दिवाळीनंतर एक्सरे बघून बोलू.

यावेळी भांडण नाही झालं. काकांनी धारहून एक घोडी भाड्याने ठरवलीय, आणि वरातवाल्यांना आधीच सांगून ठेवतायत की डाळीची परात घोडीपुढे फक्त फोटोपुरती, एक चिमूट, बाकी परत. लोक ऐकतील असं नाही, पण नवऱ्याच्या बहिणीला समोर उभं करून सांगायची जबाबदारी काकूंनी घेतलीय, त्यामुळे थोडी आशा. धारच्या घोडीच्या चारही खुरांचे फोटो मी व्हॉट्सॲपवर मागवलेत, समोरून आणि बाजूने. टाचेकडे कड्या पसरलेल्या दिसल्या तर तीही येणार नाही, हे मालकाला आत्ताच सांगून टाकलंय.